लाल फुली

तळासरी तालुक्यात वेवजीच्या एका पाड्यावर जयश्री राहते. तिचा नवरा उमेश गुजरातच्या हद्दीतल्या एका कंपनीत पाळीवर कामाला जातो. जयश्री आठवीपर्यंत शिकलेली. पाड्यावर तिच्या वयाच्या बायकांत तेवढं शिकलेली ती एकटीच, त्यामुळे फॉर्म भरायला, दवाखान्याची चिठ्ठी वाचायला लोक तिच्याकडे यायचे. तिला ते आवडायचं.

दिवाळीनंतर तिची पाचवीतली मुलगी निलम मोटरसायकलच्या धडकेने पडली. मांडीचं हाड मोडलं. आधी प्लास्टर, मग काठी, शाळेत जाणं बंद. वर्गाच्या दक्षाबाई म्हणाल्या, "घरी अभ्यास घ्या आणि परीक्षेला आणून बसवा." जयश्रीने रोज सकाळी ओटीवर चटई टाकून पोरीला शिकवायला सुरुवात केली. येणारेजाणारे थांबून कौतुक करत.

निलम पास झाली, पण गणितात कशीबशी. मे महिना लागला. समुद्रकाठच्या नरपडहून जयश्रीच्या बहिणीचा, पुतळीचा फोन आला, "पोरीला पाठव. वाळूत चालेल, पायात जोर येईल."

उमेश म्हणाला, "जाऊ दे तिला. सगळा हिवाळा खाटेवर काढलाय तिने."

"आणि सहावीत मागे पडली तर? लोक म्हणतील, आईने शिकवून पोरीचं वाटोळं केलं."

दोन दिवस तिचं मन खालीवर होत राहिलं. तिसऱ्या दिवशी तिने पुतळीला कळवलं, यंदा नाही जमणार.

उन्हाळाभर भागाकार पक्का करून घ्यायचा, असं तिने ठरवलं. पहिलंच गणित दिलं, सहाशे बारा भागिले सहा. निलमने उत्तर लिहिलं, एकशे दोन.

"हे कुठून आलं? सहा एके सहा. पुढे एक आला, त्यात सहा बसत नाहीत, म्हणून दोन खाली घ्यायचा. झाले बारा. सहा दुणे बारा. उत्तर बारा!"

"आई, मध्ये शून्य येतं. बाईंनी..."

जयश्रीने पट्टी उचलली. एकशे दोनवर लाल पेनाने मोठी फुली पडली, खाली दहा वेळा बारा लिहावं लागलं. त्यानंतर तशी गणितं आली की निलम आई सांगेल तसंच करायची. तरी मधूनच तिच्या हातून शून्य लिहिलं जायचं आणि पट्टी बसायची. एकदा शेजारीण बारकी ओटीवर बसलेली असताना जयश्री म्हणाली, "हिचं डोकंच नाही गणितात." निलम वहीत डोकं खुपसून बसून राहिली.

पंधरा दिवसांनी जयश्री तिला आणि वही घेऊन तळासरीला दक्षाबाईंच्या घरी गेली. पोरगी सगळं विसरत चालली आहे, हे सांगायला.

बाईंनी पानं उलटली. एका पानावर थांबल्या. "एकशे दोन बरोबर आहे की. याच्यावर फुली कोणी मारली?"

बाईंनी अजून दोन पानं उलटली. तिथेही तेच, बरोबर उत्तरावर लाल फुली.

"शेजारची एक मुलगी शिकवायला येते," जयश्री म्हणाली. "तिनेच."

बाईंनी निलमकडे पाहिलं. निलमने एकदा आईकडे पाहिलं आणि मान डोलावली. "हो बाई. ती ताई येते."

"त्या ताईला सांगा, हिला उलटं शिकवू नको. आणि पोरीला थोडी मोकळी सोडा आता."

परतीच्या शेअर रिक्षात जागा असूनही जयश्री अंग चोरून बसली. आपण खोटं बोललो, आणि आपली लाज झाकायला दहा वर्षांची पोर आपल्याबरोबर खोटं बोलली. पोरीला पट्टीने मारलं, त्यापेक्षा हे जयश्रीला जास्त लागलं. वेवजीला उतरल्यावर तिने विचारलं, "तुला येत होतं, तर मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं," निलम म्हणाली आणि काठी टेकत पुढे चालू लागली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने जयश्री तिला नरपडला घेऊन गेली. वह्या सोबत घेतल्या नाहीत. पुतळी अंगणात बोंबील वाळत घालत होती. "काय गं, अभ्यास संपला?" तिने हसत विचारलं.

जयश्रीला सहज हो म्हणता आलं असतं. निलम शेजारीच उभी होती.

"मलाच येत नव्हतं," ती म्हणाली. "हिचं बरोबर असायचं आणि मी मारायची. काल बाईंसमोर खोटंही बोलले."

पुतळीने हातातले बोंबील दोरीवर टाकले आणि पाणी आणायला आत गेली. निलम पायाकडे बघत होती. जयश्रीने तिचा हात धरायला हात पुढे केला, तर ती क्षणभर दचकली, मग तिने धरू दिला.

जूनमध्ये शाळा उघडली, त्या दिवशी जयश्री बाईंकडे गेली आणि खरं काय ते सांगून आली. बाई रागावल्या नाहीत, त्यामुळे तिला आणखीच कसंतरी झालं. शून्याचं गणित तिने तिथेच, शाळेच्या पायरीवर बसून बाईंकडून समजून घेतलं. निलम तोवर वर्गात गेली होती.