मोठ्याबाई आणि पहाटेचं पाणी

आमच्या घरात आपल्या मनानं अंघोळीला जायची कुणाची टाप नव्हती. मोठ्याबाईंची हाक आली की जायचं. "मामंजी, पाणी काढलंय," ही पहिली हाक सासरे होते तोवर त्यांना. मग दुकान उघडणाऱ्या भाऊजींना, मग माझी शाळा सकाळची म्हणून मला, आणि मग पोरांना, ज्याच्या त्याच्या वेळेप्रमाणं. हाक आली की हातातला चहा तसाच ठेवून उठावं लागे, कारण बादली निवली तर दुसरी मिळत नसे. आदल्या रात्री जो खोकला असेल त्याला हाकच येत नसे. तो पांघरुणात वाट बघत पडून राही आणि बऱ्याच वेळानं त्याला कळे की आज आपल्याला अंघोळ नाही.

मोठ्याबाई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. मानवतला आमचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. भाऊजी, म्हणजे बाईंचे यजमान, आणि माझा नवरा ते मिळून चालवतात. मी वालूरची. लग्न होऊन आले तेव्हा शाळेतली नोकरी माझ्यासोबत आली होती. नवी सून म्हणून पहिल्याच पहाटे मदतीला अंगणात गेले, तर अंधारात तांब्याचा बंब आणि त्याच्यापुढं उकिडव्या बसलेल्या बाई. "तू जा, तुला शाळा हाय," त्या म्हणाल्या. "हितं दोघी कशाला बेजार व्हायच्या?" मी दोन-तीनदा आग्रह केला, पण त्यांनी मला फुंकणीलासुद्धा हात लावू दिला नाही.

बंबाला जळण म्हणजे शेतातून गाडी भरून आणलेली पऱ्हाटी. कापूस वेचून झाला की ती वाळकी झाडं परसात रचायची आणि वर्षभर मोडून मोडून जाळायची. पऱ्हाटी हाताला फार ओरबाडते. बाईंच्या बोटांना बारीक चिरा कायमच्या, आणि त्यात बसलेली राख कशानंही निघत नसे. हळदीकुंकवाला गेल्या की हात पदराखाली ठेवायच्या. पावसाळ्यात जळण ओलं असलं की सगळं अंगण धुरानं भरून जाई. डोळे पुसत त्या म्हणत, "धूर लय वळखीचा झालाय माझ्या. कुठं बी बसा, माझ्याकडंच येतो." आम्ही हसायचो. त्याही हसायच्या, आणि हसता हसता खोकायला लागायच्या.

कौतुकाला मात्र तोटा नव्हता. पाहुणा अंघोळ करून बाहेर आला की डोकं पुसत म्हणणार, बंबाच्या पाण्याची मजाच न्यारी, शहरात हे सुख नाही. त्यावर भाऊजी खुलून सांगणार, "आमच्या हिला बंबाबिगर करमतच न्हाई. कुणी न उठवता उठती." बाई म्हणायच्या, "व्हय." त्यांचं हे "व्हय" मला पुष्कळ वर्षांनी कळलं. ते होकारासाठी नसे. समोरच्याचं बोलणं लवकर आटपावं म्हणून असे. त्यांचा मुलगा नितीन पुण्याला नोकरीला आहे. तो दिवाळीला आला की बंबासमोर बसलेल्या आईचा फोटो काढून नेई. त्याच्या ऑफिसात तो फोटो सगळ्यांना फार आवडे म्हणे. मला त्या फोटोचा राग येई, पण का येतो ते सांगता आलं नसतं. खुद्द बाईंची अंघोळ सगळ्यांच्या मागून, उरल्यासुरल्या कोमट पाण्यात.

अशाच एका दिवाळीनंतर बंबाच्या मधल्या नळीला, जिच्यात जाळ असतो तिला, भोक पडलं आणि पाणी विस्तवावर ठिबकायला लागलं. डाग देऊन भोक बुजवणारा जुना तांबट दुकान बंद करून मुलाकडं राहायला गेला होता. कुणी कुणी सांगितलेली सगळी चिकटवाचिकटवी करून झाली, ती एका जाळात गळून पडली. शेवटी बंब बाजूला ठेवला आणि त्याच्या जागी काय आणायचं यावर घरात चर्चा सुरू झाली. ती चर्चा नुसती आठवली तरी मला आजही थकवा येतो.

माझ्या नवऱ्याला गॅसचा गिझर पाहिजे होता. तोटी सोडली की गरम पाणी. भाऊजींच्या ओळखीतलं कुणीतरी बंद न्हाणीघरात त्या गॅसनं गुदमरून पडलं होतं, म्हणून त्यांचा त्याला ठाम नकार. विजेचा घ्यावा, तर आमच्या गल्लीत पहाटे दिवासुद्धा धड लागत नाही. नितीन पुण्याहून फोनवर सोलरचं महत्त्व सांगे, आणि भाऊजी त्याला ऐकवत की आपलं बोअरचं पाणी क्षाराचं, नळ्या भरून जातील. मीही माझं मत देऊन घेतलं. रोज रात्रीच्या जेवणाला हाच विषय. गॅस का वीज यावरून दोघा भावांनी एकदा अबोला धरला आणि एकाच दुकानात बसून गिऱ्हाइकामार्फत एकमेकांशी बोलले. हे सगळं चालू असताना बाई चुलीवरच्या मोठ्या पातेल्यात पाणी तापवत होत्या, फडक्यानं काठ धरून बादल्यांत ओतत होत्या आणि त्या बादल्या उचलून न्हाणीत नेत होत्या. बंबाला निदान तोटी तरी होती. रात्री आम्ही भांडत असू तेव्हा भाकरी त्याच वाढत. पण त्यांना कुणी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? बंब म्हणजे बाईंचा जीव की प्राण, हे आम्हा सगळ्यांना तोंडपाठ होतं.

संक्रांतीच्या आधी भाऊजींनी गुपचूप निकाल लावून टाकला. परभणीहून नवा कोरा बंब आणला, पहिल्यापेक्षा मोठा आणि डोळे दिपतील असा लख्ख. टेम्पोतून उतरवून तो अंगणात मधोमध ठेवला आणि आम्हाला सगळ्यांना बाहेर बोलावलं. भाऊजींचा बायकोवर जीव होता, हे इथं सांगायलाच पाहिजे. त्या दिवशी त्यांचा चेहरा नवरदेवासारखा फुलला होता. "घे," ते म्हणाले, "आता तुझ्या हयातीत बघायचं काम न्हाई."

बाईंनी ओले हात पदराला पुसले. बंबाभोवती एक चक्कर मारली आणि ओट्यावर बसल्या.

"कुणासाठी आणला वो ह्यो?"

"तुझ्यासाठीच की."

"मग वापस करा."

भाऊजींना वाटलं, किमतीकडं बघून म्हणते. "पैशाची फिकीर करू नको तू."

"पैशाचं न्हाई वो," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. पोटात दुखतंय हे डॉक्टरला सांगावं तसं त्या सांगत होत्या. "मला झोप येती. सकाळी लय झोप येती मला. लगीन होऊन आले तवापासून येती. एकदा बी पुरी झाली न्हाई."

भाऊजी दोन पावलं पुढं आले. "मग बोलली कामून न्हाईस?"

"तुमी विचारलं कवा? तुमीच सांगायलात समद्याला, हिला बंबाबिगर करमत न्हाई म्हून. मला वाटलं, एवढी माणसं म्हणायलीत तर करमत असंल."

एवढं बोलून त्या उठल्या आणि तव्यावरची भाकरी करपेल म्हणून आत गेल्या. भाऊजी नव्या बंबावर हात ठेवून उभे होते.

दुसऱ्या दिवशी बंब परत गेला, आणि त्याच फेरीत भाऊजी, बाई आणि मी गिझर बघायला परभणीच्या एका मोठ्या दुकानात गेलो. दुकानदार साहजिकच भाऊजींकडं तोंड करून बोलत होता. किती लिटर, किती वॅट, किती वर्षांची वॉरंटी. बाई प्रत्येक वस्तूपुढं उभ्या राहून एकच गोष्ट विचारत होत्या, "हे सकाळी कोण चालू करायचं?"

विजेच्या गिझरपाशी तो म्हणाला, "नुसतं बटण दाबायचं काकू, अंघोळीच्या जरा आधी."

"म्हंजे कुणीतरी जरा आधी उठायचं," म्हणून बाई पुढं सरकल्या. गॅसचा आपोआप पेटतो, फक्त खिडकी उघडी पाहिजे आणि आतल्या माणसाला फार वेळ लागला तर बाहेरून हाक मारायची, असं त्यानं सांगितलं. "हाक मारायला मीच की," बाई मला म्हणाल्या. मग सोलर आला. दिवसभराच्या उन्हानं तापलेलं पाणी टाकीत रात्रभर गरम राहतं.

"रातभर? कुणी न बघता?"

"कुणी न बघता."

"मग हेच द्या."

भाऊजी क्षाराचं काहीतरी काढणार होते, पण बाईंनी नुसतं त्यांच्याकडं बघितलं. क्षाराच्या पाण्यासाठी वेगळी टाकी मिळते, ढगाळ दिवसांसाठी आत विजेची कॉइल बसवता येते, हे सगळं नंतर बोलणं झालं. निवड त्याआधीच झाली होती.

सोलर बसल्यावरचे पहिले काही दिवस मात्र बाईंना जड गेले. सवयीनं पहाटे डोळे उघडायचे आणि त्या खाटेवर नुसत्या बसून राहायच्या. गच्चीवर जाऊन टाकीला हात लावायच्या. टाकी वरून गारच लागे, म्हणून घाबरून खाली येत आणि तोटी सोडून बघत. इकडं घरात नुसता गोंधळ. हाक बंद झाल्यामुळं न्हाणीच्या दारात सगळे एकदम जमायचे. मला शाळेत लेटमार्क पडले, भाऊजींच्या आधी गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर येऊन बसायला लागलं. शेवटी माझा नवरा बाईंच्या दाराशी जाऊन म्हणाला, "वहिनी, हाक तेवढी मारत जा की."

"पाणी तुमचं तुमी घ्या आता," आतून उत्तर आलं. पांघरुणातून आलं.

त्यानंतर बाई झोपायला लागल्या. उन्हं खिडकीतून त्यांच्या पायांवर येत तरी त्या उठत नसत. मी डबे भरत असे आणि आतून त्यांचं घोरणं ऐकू येई. उठल्यावर चेहरा लहान मुलासारखा सुजलेला, कुणाशी एक शब्द न बोलता थेट न्हाणीत. मग कढत पाणी, बादलीवर बादली. बाहेर आल्या की दोन्ही हात पुढं करून म्हणायच्या, "बग गं, राख निगाली." मला त्या तशा फार आवडायच्या.

असे दोन हिवाळे गेले. तिसऱ्याच्या तोंडाशी खोकला वाढला आणि चार पायऱ्या चढल्या तरी दम लागायला लागला. परभणीच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाकडं धरून पहिलं हेच विचारलं, "धुरात किती वर्षं काम केलं?" बाई म्हणाल्या, "लय." थंडी सरायच्या आत त्या गेल्या. फार उशीर केला आम्ही. हे मी मनाला किती समजावलं तरी बदलत नाही.

तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं. जेवणं उरकल्यावर बैठकीत बोलणं निघालं. कुणीतरी म्हणालं, "बंब काढला अन् बाई खचली." दुसऱ्यानं जोड दिली, "कामाचं माणूस. हात रिकामा झाला की जीव ऱ्हात न्हाई." तिसऱ्याला नितीनचा तो फोटो आठवला. तिचा जीवच बंबात होता, असं सगळ्यांचं ठरत आलं होतं, आणि भाऊजी खाली मान घालून "व्हय, व्हय" म्हणत होते. सकाळपासून रांधून आणि वाढून माझ्या अंगात त्राण उरलं नव्हतं. तरी मी दारातून आत गेले.

"खचल्या नव्हत्या बाई," मी म्हणाले. थोरल्या दिरांसमोर, चार माणसांत, मी एवढ्या मोठ्यानं कधी बोलले नव्हते. "बाई झोपत होत्या. उन्हं वर येईपर्यंत झोपायच्या आणि खूश असायच्या. त्यांचा जीव बंबात नव्हता. त्यांना झोप पाहिजे होती."

भाऊजींनी मान वर केली आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

"व्हय," ते म्हणाले. "लय घोरायची. मी जागा होऊन पडल्या पडल्या आयकायचो. उठवायचं माझ्या जीवावर यायचं."