तू बसलीस की विकेट जाते

मुलगा दर वर्षी विचारतो, पप्पा, मॅचची तिकिटं काढू का? मी म्हणतो, गुडघे दुखतात. गुडघे दुखतात हे खरं आहे, पण कारण ते नाही.

नवघरच्या आमच्या घरात एक कायदा होता आणि तो मीच केलेला. लग्नानंतर एकदा बायको पोह्यांची बशी घेऊन माझ्या शेजारी मॅच बघायला बसली आणि आमचा भरवशाचा बॅट्समन आऊट झाला. दुसऱ्यांदा बसली, पुन्हा तेच. 'तू बसलीस की विकेट जाते,' मी जाहीर करून टाकलं. तेव्हापासून मॅच असली की ती स्वयंपाकघराच्या दारात उभी. तिथूनच मटार सोलायची, मेथी निवडायची. तिला क्रिकेटमधलं काही कळत नाही, हेही मीच ठरवलेलं.

मुलाला नोकरी लागली आणि त्याने मला दुपारच्या मॅचचं तिकीट आणून दिलं. एकच मिळालं होतं. मी ऐटीत टोपी घालून गेलो. गेटवर पाण्याची बाटली काढून घेतली. जागा इतकी वर, की खेळाडू तिळाएवढे दिसत होते, आणि मोठ्या पडद्यावर नेमकं ऊन. आमच्या बॉलरने पहिली विकेट काढली तेव्हा पुढची अख्खी रांग उठून उभी राहिली. मला काही म्हणजे काही दिसलं नाही. वैतागून घरी फोन लावला.

'अहो, आधी दोन बॉल बाहेर काढले ना, तिसरा आत आणला,' ती म्हणाली. 'तो सोडायला गेला आणि बोल्ड. मी मगाशीच म्हटलं होतं, हा फसणार.'

कोणाला म्हटलंस, मी विचारलं. टीव्हीला, म्हणाली.

मग प्रत्येक विकेटला फोन. थोड्या वेळाने शेजारचा पोरगा म्हणाला, 'अंकल, आंटी को पूछो ना, नो-बॉल था क्या?' आमची सगळी रांग तिच्या जिवावर मॅच बघत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो मी तिकीट दाखवून घालत होतो.

शेवटच्या ओव्हरमध्ये आम्हाला नऊ रन हवे होते. माझा धीर सुटला. 'तू उभीच आहेस ना?'

'नाही. पहिल्या बॉलपासून तुमच्या खुर्चीत बसलेय.'

आम्ही जिंकलो. आजूबाजूचे नाचत होते आणि मला मात्र स्वतःची लाज वाटत होती. जिच्याकडून खेळ समजून घ्यायचा, तिलाच मी इतकी वर्षं दारात उभं केलं होतं.

आता टीव्हीसमोर दोन खुर्च्या आहेत. परवाच्या मॅचमध्ये आमची विकेट पडली आणि ती सवयीने उठायला लागली. मी तिचा हात धरला. 'बस गं. तुझ्यामुळे नाही गेली.'

'ते मला पहिल्यापासून माहीत होतं,' ती म्हणाली. 'पण तुम्हाला कोण सांगणार?'