लेकीच्या टबातलं निळं कमळ

मंडळी, आज सकाळी लेकीचा व्हिडिओ कॉल आला. जावई फौजेत, म्हणून ती हिमाचलात राहते. आमच्या डोंगरकडा गावाहून नेलेलं निळं कमळ तिनं तिथं टबात लावलं होतं. थंडीनं त्याची पानं काळी पडली.

"आई, मेलं गं ते," म्हणत ती रडायलाच लागली.

"चिखलात हात घालून बघ. कंद मऊ लागतोय का टणक?"

"टणक हाय."

"मग जित्ता हाय. ओल्या वाळूत घालून घरात ठेव. थंडी सरली की परत लाव."

तिनं कंद धुतला. मग हळूच म्हणाली, "आई, मला इथं करमून न्हाई राहिलं."

मी म्हणाले, "मी येते."

तिकडच्या थंडीत कोणी राहिलं असेल तर सांगा, सोबत काय काय घेऊ?