रुख्मिणीचं लिंबू
अकोल्याच्या जुन्या शहरातल्या जानरावांची बायको रुख्मिणी कामाला वाघ होती. वावरात कापूस वेचायला उतरली की भल्याभल्या बाया मागे पडायच्या. पण एका तापानं तिला असं काही धरलं की ताप गेला, चक्कर मात्र राहिली. मान वळवली की भिंती फिरायच्या. एकदा भरली घागर घेऊन येताना ती नातवाच्या पाळण्याशेजारी धाडकन आडवी झाली आणि घागर पोराच्या उशापासून वीतभरावर आदळली.

त्या दिवसापासून सुनेनं, जमुनानं, लेकरू तिच्या हाती दिलं नाही. जमुना भांडली नाही. सासू जवळ आली की नुसती पोराला कडेवर घ्यायची. शिवी दिली असती तर रुख्मिणीनं दोन परत दिल्या असत्या, याला काय देणार?

घरच्यांचं औषध एकच होतं, निजून राहा. नदीपल्याडच्या दवाखान्यातले डॉक्टर उलटं बोलले. तापानं कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय बिघडलंय. ज्या हालचालीनं गरगरतं तीच रोज करा, म्हणजे डोक्याला सवय होईल. निजून राहाल तर निजूनच राहाल! मान डावी-उजवी करायची, आधी हळू, मग जोरात. डोळे मिटून चालायचं. चेंडू या हातातून त्या हातात डोळ्यांच्या वर उडवायचा आणि नजर त्याच्यावरून हलू द्यायची नाही.

रुख्मिणीच्या घरात चेंडू कुठला? तिनं लिंबू घेतलं. आणि घरात सांगितलं नाही. अजून इलाज चाललाय म्हटलं तर लेकरू आणखी लांब जाईल, हे भय. दुपारी सगळे पडले की ती गोठ्यामागच्या अंगणात जायची. गरगरलं की भिंत धरून उभी राहायची आणि पुन्हा मान हलवायची.

शेजारच्या मैनाबाईनं कुडावरून पाहिलं. डोळे मिटलेले, मान गरगर हलतेय, केस सुटलेले, हातात लिंबू! आपल्याकडे याचा अर्थ कुणाला विचारावा लागतो का? पाहता पाहता अर्धी गल्ली अंगणात. हळदकुंकू आलं, नारळ आला. रुख्मिणीनं डोळे उघडले तर बाया हात जोडून बसलेल्या आणि मैनाबाई पाया पडत होती.

"माय, कोन्ती देवी आली तू? हुकूम कर व माय!"

बायांमागे जमुना उभी होती, पोर कडेवर, चेहरा पांढराफटक. रुख्मिणीला एकच वाक्य पुरे होतं. ‘लेकरू या बाईच्या हाती दे.’ देवीचा शब्द जमुना मोडती तर गल्लीनं तिला जगू दिलं नसतं. वाक्य अगदी जिभेवर आलं. पोर तिच्याकडे पाहून हसलं सुद्धा.

पण असं घेतलेलं लेकरू देवीचं झालं असतं. तिला ते आजी म्हणून हवं होतं.

"देवी-बिवी काई नाई," ती ओरडली. "मीच आहो. चक्करेचा इलाज करून राहिली. डाक्टरनं सांगतला."

मैनाबाई नारळ उचलून फणफणत निघाली. "आमाले काहून येड्यात काढते व?" तिच्यामागून अंगण रिकामं झालं. जमुना तेवढी हलली नाही.

"आत्याबाई, खरंच कमी झालं का?"

"पूर्ण नाई. पन पयल्यासारखं नाई."

"मंग डोये मिटून इथवर येऊन दाखवा."

रुख्मिणीनं डोळे मिटले. पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. अंगणाच्या मधोमध जमीन एका बाजूला कलली. तिचे हात हवेत गेले. जमुनाचा श्वास अडकलेला तिला ऐकू आला, पण डोळे तिनं उघडले नाहीत. थांबली. पाय रोवले. जमीन हळूहळू जागेवर आली तशी ती पुन्हा चालू लागली आणि समोर पोराचा गरम श्वास लागला तेव्हा थांबली.

"उघडा डोये," जमुना म्हणाली.

तिनं लेकरू सासूच्या हातात ठेवलं. पण सासूचा पदर मुठीत घट्ट धरून ठेवला. रुख्मिणीनं तो सोडवून घेतला नाही.