उपाशी रक्तदाते

त्या दुपारी एकामागून एक सात माणसं माझ्याशी खोटं बोलली. तीही चर्चच्या आवारात, गुड फ्रायडेला, तीन तासांची उपासना नुकतीच आटोपून.

"कुछ खाया है?"

"जी सिस्टर, खाया है।"

पहिल्या दोघांवर मी विश्वास ठेवला. त्यातला दुसरा, पिशवी अर्धी भरते न भरते तोच पांढराफटक पडला. आमच्या डॉक्टर तिवारींनी सुई काढली, त्याचे पाय वर उचलले. मी तोंडावर ओला रुमाल फिरवला. डोळे उघडल्यावर त्याने आधी विचारलं, "यूनिट पूरी हुई?" नव्हती झाली. अर्धी पिशवी आमच्या काही कामाची नसते, फेकून द्यावी लागते.

मी लखनौमध्ये एका ब्लड बँकेत टेक्निकल सुपरवायझर आहे. मूळची नगरची. नवरा एअर फोर्समध्ये होता, शेवटचं पोस्टिंग इथे झालं आणि आम्ही जानकीपुरममध्येच घर केलं. कॅम्प म्हणजे आम्ही खाटा आणि पिशव्या घेऊन लोकांच्या दारी जातो. डोनरने त्याआधी चार तासांत काहीतरी खाल्लेलं असावं, हा आमचा साधा नियम. रिकाम्या पोटी रक्त गेलं की बीपी पडतं आणि माणूस कोसळतो. तो कितीही भाविक असला तरी कोसळतो.

आमच्या चर्चमध्ये गुड फ्रायडेला संध्याकाळपर्यंत उपास असतो. म्हणून मी कमिटीत दोन महिने आधीच सांगितलं होतं, कॅम्प दुसऱ्या दिवशी ठेवा. त्यावर सेक्रेटरी मॅसीसाहेब उभे राहिले. बँकेतून रिटायर झालेले, आवाज भारदस्त. "जिस दिन प्रभु ने हमारे लिए लहू बहाया, उसी दिन हम भी किसी के लिए देंगे।" टाळ्या पडल्या. टाळ्यांपुढे माझ्या नियमाला कोण विचारतो! मी म्हटलं, बरं, निदान नोटिशीत लिहा की रक्त देणाऱ्यांनी खाऊन यावं. 'हाँ हाँ' म्हणाले. नोटीस लागली तेव्हा ती ओळ गायब.

"सिस्टर, गुड फ्राइडे की नोटिस में खाने-पीने की बात अच्छी नहीं लगती।"

मी कपाळाला हात लावला. कॅम्प तेव्हाच रद्द करायला हवा होता. केला नाही, कारण माहिरा.

माहिरा नऊ वर्षांची. लखनौच्या जुन्या चौक भागातली पोर, आई घरी चिकनकारीचं भरतकाम करते. तिला थॅलेसेमिया आहे, म्हणजे शरीरात रक्त नीट तयारच होत नाही. दर तीन आठवड्यांनी बाहेरचं रक्त चढवायचं, तेव्हा ती शाळेत जाते, भांडते, जिने चढते. त्यात तिचा ग्रुप बी निगेटिव्ह. निगेटिव्हवाल्यांना निगेटिव्हच लागतं आणि ती माणसं मोजकी. त्या वेळी तिला आधीच आठवडाभर उशीर झाला होता. ओळखीच्या सगळ्या ब्लड बँकांना फोन करून झाले होते. कॅम्पच्या दिवशी सकाळीच तिच्या आईचा फोन आला. "सिस्टर, कल ले आएँ न? दो सीढ़ी में हाँफ जाती है।" मी म्हटलं, ले आइए.

हे मी कुणाच्या भरवशावर म्हटलं? मॅसीसाहेबांच्या. आमच्या मंडळीत बी निगेटिव्ह एकटे तेच. आधीच ब्लड बँकेत या म्हटलं, तर देईन ते गुड फ्रायडेलाच, असा त्यांचा हट्ट. शुक्रवारी घेतलेलं रक्त तपासून शनिवारी तयार होतं. शुक्रवार हुकला तर पुढे ईस्टरचा रविवार, म्हणजे थेट सोमवार.

तर तिसऱ्यापासून मी प्रत्येकाला खोदून विचारलं आणि उपाशी निघालेल्या चौघांना बाजूला बसवलं. रांगेत सातवे मॅसीसाहेब. बाही आधीच वर सरकवलेली. फॉर्मवर 'खाया है' वर टिक.

"क्या खाया, मैसी साहब?"

"दलिया।"

"किसने बनाया?"

"मिसेज़ ने।"

मिसेस मॅसी मागेच उभ्या होत्या. "मैंने? आज तो हमारे यहाँ गैस ही नहीं जली।"

मागे कुणीतरी हसलं. मी फॉर्म बाजूला ठेवला. माझा पारा आता चढला होता. मघाच्या वाया गेलेल्या पिशवीचा राग, गायब झालेल्या ओळीचा राग, सगळाच वर आला.

"चर्च के अंदर झूठ, मैसी साहब? वो भी आज?"

"झूठ किस लिए बोला, यह भी देखिए। आप ही ने कहा था एक बच्ची को ज़रूरत है।"

"बच्ची को आपका ख़ून चाहिए। उपवास का वो क्या करेगी? केला खाइए, आधा घंटा बैठिए, फिर दीजिए।"

 त्यांनी शांतपणे विचारलं, "आपने खाया है, सिस्टर?"

माझ्याकडे उत्तर होतं. नियम डोनरला, स्टाफला नाही. ते ओठांपर्यंत आलंही. पण मी सकाळपासून पाण्यावर होते आणि हे सगळ्यांना दिसत होतं. आई लहानपणी हा उपास तापातसुद्धा मोडू देत नसे. पुढे मी स्वतःच मोडला नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला थोडा तोराही होता. लोकांना 'खा, खा' म्हणून ओरडणारी बाई स्वतः उपाशी. मला शरम वाटली.

मी खोक्यातलं केळं घेतलं. सगळे बघत होते. सवयीने डोळे मिटले आणि मराठीतच मोठ्याने म्हटलं, "देवबापा, या अन्नाबद्दल तुझे उपकार मानते. आता या माणसालाही खायची बुद्धी दे. आमेन."

मराठी कुणाला कळली नाही. आमेन मात्र सगळे म्हणाले.

पहिला घास घेतला. रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. मिसेस मॅसींनी माझ्याकडे पाहिलं, एक केळं सोललं आणि नवऱ्याच्या हातात दिलं. मॅसीसाहेबांनी ते औषध घ्यावं तसं खाल्लं. मग काय, रांगच मोडली. कुणी बिस्किटं उघडली, कुणी समोरच्या ठेल्यावरून पूरी-सब्जी आणली. अर्ध्या तासाने आम्ही पुन्हा खाटा लावल्या. बीपी, हिमोग्लोबिन, सगळं बघून मॅसीसाहेबांची पिशवी पूर्ण भरली. त्यानंतर एकही माणूस पडला नाही.

शनिवारी अकराच्या सुमारास माहिराला रक्त लागलं. आमच्याकडे रक्त कुणाचं आणि कुणाला गेलं, ही नावं सांगत नाहीत. आईने विचारलंही नाही. "जिसने दिया, अल्लाह उसके घर में बरकत दे," एवढंच म्हणाली. पोरीच्या ओठांवर हळूहळू रंग येत होता. मी बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन मॅसीसाहेबांना फोन लावला.

"मैसी साहब, बच्ची को ख़ून चढ़ रहा है।"

 त्यांचा तो भारदस्त आवाज भरून आला. "प्रभु का धन्यवाद, सिस्टर।"

मलाही भरून आलं. त्या सगळ्या चिडचिडीचं सार्थक झालं असं वाटलं. काळजीने विचारलं, "आप कैसे हैं?"

"ठीक हूँ। बस ज़रा चक्कर आ रहा है।"

"चक्कर? सुबह से क्या खाया?"

"आज तो उपवास है, सिस्टर। कल वाला टूट गया था न, तो आज पूरा कर रहा हूँ।"

मी कॉरिडॉरमध्ये इतक्या जोरात ओरडले की वॉर्डातली नर्स धावत बाहेर आली.

माझ्या फॉर्मवर दात्याने आदल्या चार तासांत काही खाल्लं का याचा रकाना आहे. तो दुसऱ्या दिवशी काय करील याचा नाही. आता मी प्रत्येकाला तेही तोंडी बजावते. त्या रात्री झोपताना प्रार्थनेत मॅसीसाहेबांचं नाव घेतलं. देवा, अशी माणसं दिलीस, तुझे उपकार. त्यांना सांभाळायचं काम मात्र मलाच का दिलंस, ते एकदा सांग.