रंगमंचावर न आलेला सेनापती

फोन आला तेव्हा मी ऑफिसात ड्रॉइंग बोर्डवर वाकलो होतो. पलीकडून ताई एवढंच म्हणाली, "अरे, हे उठत नाहीयेत... तू ये." अल रय्यानला त्यांच्या घरी पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, सकाळचा चहा अर्धा ठेवून गेले. त्यांना नाशिकला पोचवून आलो त्याला आता पाच आठवडे झाले. मला दोह्यात आणलं त्यांनी, नोकरीला चिकटवलं त्यांनी, आणि आयुष्यात सगळ्यात जास्त घाबरवलंही त्यांनीच. त्या घाबरण्याचीच गोष्ट सांगतो.

साधारण एकोणऐंशी साल असेल. दाजींना ऐतिहासिक नाटकांचं भयंकर वेड. नाशकात गणपतीच्या दिवसांत मावळे, सरदार, बादशहा सगळे करून झाले होते. इथे आम्हा मराठी कुटुंबांचं संमेलन कंपनीच्या हॉलमध्ये व्हायचं, त्यासाठी त्या वर्षी त्यांनी नवंच काढलं. "ज्यांचं मीठ खातो त्यांचा वीर दाखवू," म्हणाले. इंग्रजी पुस्तकं मिळवून इस्लामच्या सुरुवातीच्या काळातल्या एका थोर सेनापतीचं चरित्र वाचून काढलं. सीरिया जिंकलेला, एकही लढाई न हरलेला माणूस. ऐन विजयात खलिफांचा हुकूम येतो, सेनापतिपद काढून घेतलं जातं, आणि तो दुसऱ्याच्या हाताखाली शिपायासारखा लढत राहतो. शेवटी अंगभर व्रण घेऊन अंथरुणात मरतो, रणात नाही, याचंच त्याला दुःख. त्याचं नाव इथे लिहीत नाही. मी अजून भितो. नाटक हिंदीत, कारण आमचे मुदीर, म्हणजे कंपनीचे बडे कतारी साहेब, पाहुणे होते आणि लहानपणी मुंबईत राहिल्यामुळे त्यांना हिंदी यायचं. दाजींचं हिंदी म्हणजे मराठीलाच 'है' लावलेलं. सेनापती मी. दाढी चिकटवून घरभर गरजत फिरायचो आणि ताई म्हणायची, "आधी दूध उतरव, मग सीरिया जिंक."

चार दिवस उरले असताना काळा झगा घ्यायला आम्ही सूक वाकिफच्या जुन्या बाजारात कासीमचाचांकडे गेलो. चाचा चिपळूणकडचे, तिथे कित्येक वर्षं कापड विकत होते. झगा कशाला, म्हणून त्यांनी सहज विचारलं. दाजींनी छाती फुगवून सांगितलं. चाचांनी कात्री खाली ठेवली. "दादा, असा करू नका," ते हळू आवाजात म्हणाले. "पैगंबरांच्या सोबत्यांचा सोंग आमच्यात कोन घेत नाय. आनि ह्या मुलखात तर बिलकूल नाय."

मुदीरांना निमंत्रण कधीच गेलं होतं. हॉलच्या दारावर कागद लागला होता, त्यावर सेनापतीचं नाव आणि त्यापुढे माझं. गाडीत मला एकच दिसत होतं... नोकरी खलास, आणि दोघंही पहिल्या विमानात. पासपोर्ट तर कंपनीच्याच कपाटात. मी म्हटलं, "दाजी, रद्द करा." ते म्हणाले, "केलं तर कारण विचारतील. काय सांगू?" गाडी हॉलकडे वळवून त्यांनी तो कागद फाडून टाकला, पण तोवर कोणी कोणी वाचला होता, देव जाणे.

दोन संध्याकाळी बसून त्यांनी नाटकातून सेनापतीलाच काढून टाकलं. उरले ते एक नालबंद, एक पाणक्या, जखमा बांधणारी एक म्हातारी आणि हुकूम घेऊन आलेला सांडणीस्वार. तो मी. सगळी माणसं सेनापतीबद्दल बोलतात. तो मात्र कुठेच नाही, त्याचा आवाजही नाही. पहिल्या रांगेत मुदीर बसलेले. मी हुकुमावर सेनापतीचा जवाब मागितला, नालबंदाने सांगितलं की ते घोड्यावरून उतरून शिपायांत जाऊन बसलेत, आणि तेवढ्यात मुदीर उठले आणि हॉलबाहेर गेले. विंगेतून दाजींनी हाताने खूण केली, चालू ठेव. पुढचं मी काय बोललो ते मला आजही आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावणं आलं, एकट्या दाजींना. मी बाहेर व्हरांड्यात उभा राहून दाराकडे बघत होतो. आत काय झालं ते दाजींनीच नंतर सांगितलं. मुदीरांनी विचारलं, "सेनापतींना का नाही दाखवलं?" आदर म्हणून, एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. दाजींनी सरळ सांगून टाकलं, "दाखवणार होतो. आम्हाला ठाऊक नव्हतं. चूक माझी, एकट्याची." मुदीर म्हणाले, माझे वडील मोती काढायला समुद्रात गेले ते परत आले नाहीत, तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. त्यांचा फोटो नाही. नावेवरची माणसं सांगायची तेवढेच मला माहीत. काल बसवेना, म्हणून उठलो. "पुढच्या वेळी आधी विचारा," एवढं बोलून त्यांनी चहा मागवला.

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगत आलो, आमचे दाजी म्हणजे वाघ. इथवर लिहिलेलं काल ताईला वाचून दाखवलं. तिचा व्हिसा दाजींच्या नोकरीवर होता, त्यामुळे आता तिला कायमचं परत जावं लागणार, म्हणून ती घर आवरतेय. साड्यांच्या घड्या घालत तिने ऐकलं.

"एवढे काही शूर नव्हते रे ते," ती म्हणाली. "त्या सकाळी दोनदा ओकले. शर्ट मी बदलून दिला. आदर म्हणून नाही दाखवलं, हेच उत्तर आरशासमोर घोकत होते."

"मग आत जाऊन खरं का बोलले?"

"कागदावर तुझं नाव होतं ना. खोटं पकडलं गेलं असतं तर पुढचं बोलावणं तुला." तिने घडी मोडून पुन्हा घातली. "ओकल्याचं तुला सांगू नको म्हणाले होते. म्हणाले, तो आधीच फार घाबरलाय."