तात्यांची जमा बंदूक

निवडणुका जाहीर झाल्या की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. इंदापूर तालुक्यातल्या ज्या ठाण्यात मी हवालदार होतो, तिथे बंदूकवाले शेवटच्या दिवसापर्यंत टाळाटाळ करायचे. कुणाच्या जिवाला धोका, कुणाच्या उसात रानडुकरं. सणसरचे बाबूराव तात्या मात्र पहिल्याच सकाळी हजर. गोधडीत गुंडाळलेली बंदूक टेबलावर ठेवत म्हणायचे, "सायेब, हळू. म्हातारी झोपलीया."

ही बारा बोअरची बंदूक त्यांनी उमेदीच्या काळात घेतलेली. कालव्याकडेच्या वस्तीवर तेव्हा चोरांचं भय होतं. खंडेनवमीला वस्तीवरच्या बायका तिला हळदीकुंकू वाहायला यायच्या, लग्नात तात्यांना पुढची खुर्ची मिळायची. गावाने त्यांचं आडनावच टाकून दिलं आणि 'बंदूकवाले तात्या' एवढंच ठेवलं. त्या बंदुकीने माणूस सोडा, ससासुद्धा मेला नव्हता. तात्या म्हणायचे, "बंदूक दाराला टांगायची चीज हाय. हातात घेतली की तिची किंमत गेली आन आपलीबी."

गेल्या निवडणुकीचा निकाल लागला आणि दुसऱ्या दिवशी बंदुका परत न्यायला ठाण्यात रांग लागली. बंदूक नसल्याने मधले दिवस ही मंडळी मिशी उतरवल्यासारखी हिंडत होती. तात्या काही आले नाहीत. निरोप धाडला तेव्हा बाजारच्या दिवशी आले, बाकावर बसले, चहा प्याले. बंदूक मागून घेतली, उपरण्याने नळी पुसली आणि परत माझ्याकडे दिली. "असू द्या अजून."

मग हे दर बाजारला सुरू झालं. मुलगा पुण्यात नोकरीला, तात्यांच्या पत्नी दोन वर्षांमागे वारलेल्या. ऊसतोडीपासून डाळिंबाच्या भावापर्यंत तात्या बोलत राहायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्याला बोलायला जागा सापडली. बिचाऱ्याची कीव यायची.

नवे साहेब आले आणि भडकले. "हे ठाणं आहे की गोदाम?" शेवटी मी बंदूक तात्यांसमोर ठेवली. "तात्या, आज घेऊन जायचीच."

त्यांनी दोन्ही हात मागे घेतले. "सायेब, येवढं करू नगा."

"का हो?"

त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. मग हळूच म्हणाले, "मंडळी गेल्यापास्नं घरात मी आन ही, दोघंच. दिवेलागण झाली की नजर हिच्याकडंच जाती. एकदा तर काडतूस घालून मांडीवर घिऊन बसलो व्हतो. दुसऱ्या दिशी आचारसंहिता लागली म्हनून वाचलो बगा."

मी बंदूक उचलून परत आत ठेवली. साहेबांना सगळं सांगितलं. तात्यांनी आपण होऊन परवाना परत केला. मी त्यांच्या मुलाला फोन करून खरं काय ते कळवलं, तो त्याच दिवशी आला आणि त्यांना पुण्याला घेऊन गेला. महिन्याभरात तात्या परत सणसरला. "पोरगं सोनं हाय वो, पन तितं दिसभर टीव्हीसंगं बोलावं लागतं." मी म्हटलं, बंदूक नसली तरी बाजारला चहाला यायचं. ते येत राहिले. मुलगाही रोज संध्याकाळी फोन करू लागला.

गावात मात्र बोभाटा झाला की पोलिसांनी तात्यांची बंदूक काढून घेतली. पोरं तोंडावर हसू लागली. लग्नातली पुढची खुर्चीही गेली. मी म्हटलं, "खरं काय ते सांगा की लोकांना." तात्या म्हणाले, "काय सांगू? मला माझंच भ्या वाटत व्हतं, म्हनून?"

पुढच्या हिवाळ्यात तात्या न्यूमोनियाने गेले. मुलगा शेवटपर्यंत उशाशी होता. मी दहाव्याला गेलो. विधी उरकल्यावर त्यांच्या वयाचा एक म्हातारा सगळ्यांदेखत मला म्हणाला, "सायेब, राग मानू नगा. पन तात्याची बंदूक तुमी काढून घ्यायला नगं व्हती. तिचीच हाय खाऊन गेला मानूस."

माणसं माझ्याकडे बघत होती. मुलाने काही बोलायला तोंड उघडलं, तसा मी त्याचा हात दाबला.

"व्हय आबा," मी म्हणालो, "चुकलंच आमचं."